रस्त्यावरचा पाहुणचार

मोरोक्कोतील टँजियर गावचा प्रवासी इब्न बतूता दिल्लीच्या महंमद तुघलकाचा वकील म्हणून १३४२ साली चीनकडे जावयास निघाला. वाटेत चंदेरी व धार मागे टाकून तो उज्जैनास आला आणि येथून दौलताबादेच्या दिशेने गेला. उज्जैनविषयी त्याने लिहून ठेवले ते एवढेच की, शहर देखणे आहे आणि वस्ती दाट आहे. आम्हां उज्जैनकरांस या एका ओळीचा अभिमान वाटतो, तथापि थोडी हुरहूरही लागते. कारण खाण्याच्या बाबतीत हा गृहस्थ मुळीच अबोल नव्हता. हिंदुस्थानातील लोक मूग आणि तांदूळ एकत्र शिजवून वर तूप घालून रोज न्याहरीस खातात व त्यास 'किशरी' म्हणतात, हे त्याने आवर्जून नोंदविले. खिमा, बदाम, अक्रोड, पिस्ते, कांदा आणि मसाला पातळ पोळीत गुंडाळून तुपात तळलेला दिल्लीचा 'संबूसक' त्याने इतक्या तपशिलाने लिहिला आहे की, त्यावरून आजही करून पाहता यावा. आंब्याचे लोणचेही त्याच्या नजरेतून सुटले नाही. मग उज्जैनच्या बाजारातून जाताना त्याने काय तोंडात टाकले आणि त्याला ते कसे लागले, एवढेच नेमके का राहून गेले?

काहीही खाल्ले असले तरी त्यात मिरची नव्हती, हे नक्की. मिरची, बटाटा, मका, भुईमूग, टोमॅटो आणि ज्याच्या कंदापासून आपला साबूदाणा करतात तो कसावा, ही सारी मंडळी अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकापासून पुढे युरोपीय दर्यावर्दींच्या गलबतांतून ती इकडे आली. आज फ्रीगंजच्या टॉवर चौकात संध्याकाळी जे काही तळले, वाफवले आणि वरून भुरभुरवले जाते, त्यातून एवढे परके वजा केले तर अर्धे गाडे रिकामे पडतील. राहता राहिली जिलेबी, तर तिचेही अरबी भावंड 'झलाबिया' या नावाने पश्चिमेकडे नांदत आहेच. साबूदाण्याच्या खिचडीला 'फरियाली' म्हणून एकादशीस पानात स्थान देणाऱ्या आपल्या समाजास तिच्या तिन्ही घटकांचे, म्हणजे साबूदाणा, शेंगदाणा आणि मिरची यांचे, मूळ गाव कोणते हे कोणी विचारीत नाही. आणि न विचारणेच बरे.

तसे पाहिले तर आमचे घराणेही बाहेरचेच. आमचे आजोबा सातारा जिल्ह्यातून ग्वाल्हेर संस्थानच्या शाळेत मास्तर म्हणून येथे आले. मराठी माणसाचे आणि या गावाचे नाते अर्थात त्याहून फार जुने आहे. महाकालेश्वराच्या मंदिराची अठराव्या शतकात पुन्हा उभारणी केली ती राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी. बाजाराच्या मध्यभागी असलेले गोपाळ मंदिर दौलतरावांच्या पत्नी बायजाबाई शिंदे यांनी बांधविले. दौलतरावांनी १८१० साली आपले ठाणे ग्वाल्हेरला हलविले, तोवर शिंद्यांची राजधानी हीच होती. पोहे मराठी मंडळींबरोबर माळव्यात आले, असे येथे जो तो सांगतो, आणि शिंदे-होळकरांच्या मुलखात ते स्वाभाविकही वाटते. परंतु माळव्याने त्यांचे रूप पार पालटून टाकले. आपल्या घरी कांदा फोडणीत परततात. येथे तो कच्चाच बारीक चिरून वर घालतात. पोह्यांत बडीशेप आणि धणे दिसतात, साखरेचा हात सैल असतो, खोबऱ्याऐवजी बारीक शेव आणि डाळिंबाचे दाणे येतात आणि शेवटी दुकानदार चिमटीने जीरावन भुरभुरवितो. जीरावन म्हणजे भाजलेले जिरे, धणे, काळे मीठ, आमचूर, सुंठ, हिंग, मिरची इत्यादींची कोरडी पूड. प्रत्येक दुकानदाराची ती निराळी असते.

आमची आजी या पोह्यांस 'बाजारी पोहे' म्हणे व त्यांस शिवत नसे. ती उज्जैनात चाळीस वर्षे राहिली, रोज क्षिप्रेचे दर्शन घेतले, महाकालाची पालखी कधी चुकविली नाही. पण रस्त्यावर शिजलेल्या अन्नाचा एक कण तिच्या पोटात गेला नाही. कोणी केले, कोणत्या पाण्याने केले, केव्हा केले, हे तिचे प्रश्न. १९६८ च्या सिंहस्थात, आम्ही नऊ वर्षांचे असताना, वडिलांनी गोपाळ मंदिरासमोर आम्हांस एक कचोरी घेऊन दिली आणि 'आजीला सांगू नकोस' असे बजावले. त्या कचोरीची चव आता आठवत नाही. तिचे तेल सदऱ्याला लागले होते आणि तो डाग आजीच्या नजरेस पडू नये म्हणून आम्ही रात्रीपर्यंत दप्तर छातीशी धरून हिंडलो, ते मात्र लख्ख आठवते. आजीच्या दृष्टीने परदेश घराच्या उंबऱ्यापाशीच सुरू होत होता.

हे सारे सांगण्याचे कारण आमचे जावई. ते नेदरलँड्समधील उत्रेख्त शहरी शाळेत भूगोल शिकवितात. आमची धाकटी कन्या नोकरीनिमित्त तिकडे गेली आणि २०२२ साली तिने त्यांच्याशी विवाह केला. विवाह तिकडेच झाला. २०२४ च्या डिसेंबरात, नाताळच्या सुटीत, ते प्रथमच हिंदुस्थानात आणि पहिल्या झटक्यात थेट उज्जैनास आले. येण्याआधी कन्येने दूरध्वनीवरून आम्हांस अटी घातल्या होत्या. बाटलीबंद पाणी, घरचे जेवण, बाहेर जायचेच झाले तर चांगल्या हॉटेलात. तिकडच्या प्रवासी-दवाखान्याने त्यांच्या हाती एक छापील पत्रकही दिले होते. शिजवा, उकळा, सोला, नाहीतर सोडून द्या, असा त्याचा मथितार्थ.

वाचकांस आश्चर्य वाटेल, पण आम्हांस ते पत्रक अगदी मान्य होते. आमची सारी नोकरी राज्य शासनाच्या लोक स्वास्थ्य यांत्रिकी खात्यात, पाण्याच्या प्रयोगशाळेत गेली. नळाच्या अगदी शेवटच्या टोकालाही लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरिन शिल्लक असला पाहिजे, या एका दशांशापायी आम्ही अनेक उन्हाळे काढले. २००४ च्या सिंहस्थात घाटाघाटावर नळाखाली काचेची नळी धरायची, त्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे आणि पिवळा रंग उमटतो की नाही ते पाहायचे, हेच आमचे शाहीस्नान. तेव्हा बाजारी खाण्याबद्दलची आमची मते भाबडी नाहीत. नवखा माणूस मिरचीला भितो, आणि ते चुकीचे भय आहे. मिरचीने डोळ्यांत पाणी येते, एवढेच. भ्यावयाचे ते पाण्याला आणि कोमटपणाला. कढईतील तेल १७० ते १८० अंशांच्या आसपास असते. त्यातून आत्ताच निघालेल्या कचोरीत कोणताही जंतू तग धरीत नाही. ती कचोरी ताटात चार तास पडून राहिली, पाण्याने सैल केलेली हिरवी चटणी तिच्यावर पडली, किंवा सोबत बर्फ घातलेले सरबत आले, की मात्र सांगता येत नाही. पाच ते साठ अंशांमध्ये जंतू सुखाने वाढतात. आमच्या आजीला अंश ठाऊक नव्हते. पण 'कोणत्या पाण्याने आणि केव्हा' हा तिचा प्रश्न आणि त्या डच पत्रकाचा प्रश्न एकच होता. सतराव्या शतकात बर्निए हा फ्रेंच वैद्य दिल्लीत राहिला, त्यानेही बाजारातील मिठाईची दुकाने पुष्कळ, पण माल धूळ आणि माशांनी भरलेला, अशी नापसंती लिहून ठेवली आहे. परकी जीभ आधी डोळ्यांनी खाते.

म्हणून पहिल्या सकाळी सात वाजता आम्ही जावयांना पोह्यांच्या दुकानी नेले ते विचारपूर्वक नेले. हे दुकान आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. माळव्यातील पोहेवाला पोहे विस्तवावर ठेवीत नाही. खाली भल्यामोठ्या पातेल्यात पाणी उकळत असते आणि त्याच्या तोंडावर पोह्यांची परात बसविलेली असते. वाफेमुळे पोहे तासन्‌तास गरम राहतात, कोरडे पडत नाहीत आणि तेलही कमी लागते. जावयांनी पत्रक वाचलेले असल्यामुळे त्यांचा पहिला प्रश्न, 'हे केव्हापासून असे ठेवलेले आहे?' असा आला. आम्ही परातीखालची वाफ दाखविली आणि साठ अंशांचे तत्त्व सांगितले. भूगोलाच्या मास्तरांस ते पटले. कच्चा कांदा व कोथिंबीर आम्ही त्यांच्यापुरती वर्ज्य केली, लिंबू समोर चिरून घेतले, जीरावन कोरडे असल्यामुळे त्यास हरकत नव्हती. पहिला घास घेऊन ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, 'हे गोड आहे, खारट आहे, आंबट आहे, आणि वर कुरकुरीतही आहे. कोणी तरी एकाने ठरवायला पाहिजे होते.' सोबत जिलेबी आली तेव्हा त्यांनी हात टेकले. न्याहरीस गोड आणि तिखट एकाच कागदावर, ही गोष्ट त्यांच्या कल्पनेपलीकडची होती.

संध्याकाळी टॉवर चौकात मात्र त्यांनीच आम्हांस चकित केले. थंडीचे दिवस म्हणजे गराडूचे दिवस. गराडू हा सुरणासारखा जमिनीतला कंद. त्याच्या फोडी एकदा तळून ठेवतात आणि मागणी आली की पुन्हा तळून लिंबू व जीरावन लावून देतात. (इब्न बतूताने पुढे आफ्रिकेतील माली देशात अळकुडीसारख्या एका कंदाची पेज खाल्ली आणि त्याच्यासह सहाही जण आजारी पडून एक दगावला, ही हकीकत आम्ही त्या क्षणी जावयांस सांगितली नाही.) गराडू त्यांनी खाल्ला, आवडलाही. शेजारच्या गाड्यावर उडदाचे वडे तळले जात होते. ते पाहताच ते एकदम थांबले आणि म्हणाले, 'बारा!' गाडेवाला म्हणाला, 'हाँ साहब, बडा.' दोघांचेही म्हणणे बरोबर होते. १८७३ साली कलकत्त्याहून 'लाला रुख' नावाचे जहाज गिरमिटिया मजुरांना घेऊन डच सुरिनामला गेले. पुढची चाळीसेक वर्षे बिहार आणि संयुक्त प्रांतातून माणसे तिकडे जात राहिली. १९७५ मध्ये सुरिनाम स्वतंत्र झाला त्या सुमारास त्यांच्यातील हजारो कुटुंबे नेदरलँड्समध्ये येऊन स्थायिक झाली आणि त्यांच्याबरोबर हा उडदाचा, मध्ये भोक असलेला वडा 'बारा' या नावाने तिकडच्या रस्त्यांवर आला. जावई शाळेत असल्यापासून तो खात आले होते. मिरचीचेही तसेच. इंडोनेशियावर डचांनी राज्य केले, तेव्हा तिकडचा संबाल त्यांच्या घराघरांत पोहोचला. आमच्या जावयांचे बालपण त्यावरच गेले. हिरवी मिरची त्यांनी आमच्यासमोर कचाकचा खाल्ली आणि पाणी आम्हांसच प्यावे लागले.

दुसरा दिवस गोपाळ मंदिर, छत्री चौक, पटनी बाजार या जुन्या भागात गेला. रबडी झाली, उकळते केशरी दूध झाले. महाकाल मंदिराच्या वाटेवर भांगेच्या ठंडाईचे परवानाधारक दुकान आहे, तेथे जावई कुतूहलाने रेंगाळले. सासऱ्याने कोणत्या विषयात मार्गदर्शन करावे यास मर्यादा आहेत, म्हणून आम्ही पुढे झालो. या दिवशी आमच्या ध्यानात एक गोष्ट आली. जावई जेथे जेथे घास उचलीत तेथे तेथे माणसे जमत. कोणी 'कैसा लगा?' विचारी, कोणी मोबाईल उंचावून चित्र घेई, एका कचोरीवाल्याने तर त्यांना कढईशेजारी उभे करून मुलाकडून छायाचित्र काढविले. सहा फूट उंचीचा, पिंगट दाढीचा मनुष्य द्रोणातली कचोरी खातो आहे, याचे आमच्या गावाला अप्रूप वाटले तर नवल नाही. जावई हसून मान डोलावीत, अंगठा दाखवीत आणि पुढचा घास घेत. लोकांच्या नजरेखाली चावणे किती अवघड असते, हे लग्नात उष्ट्या हळदीने बसलेल्या नवऱ्यामुलासच ठाऊक.

त्या रात्री आमच्या एका आप्तांनी गावातील एका मोठ्या हॉटेलात मेजवानी दिली. पांढरे रुमाल, काटे-चमचे, काकडी-टोमॅटोची सुबक कोशिंबीर, बर्फ घातलेले पेय. कन्येचा जीव भांड्यात पडला.

तिसऱ्या दिवशी पहाटे तीन वाजता जावयांस उलट्या आणि जुलाब सुरू झाले. सकाळपर्यंत त्यांचा चेहरा खडूसारखा झाला. कन्या रात्रभर उशाशी होती. आम्ही स्वयंपाकघरात जलसंजीवनी करावयास घेतली : एक लिटर उकळून निवविलेले पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. साखरेच्या सोबतीने मीठ आतड्यातून आत शिरते आणि त्यांच्यामागोमाग पाणी जाते, एवढी ही साधी युक्ती. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या हजारो रुग्णांना तिने वाचविले. चमचा ढवळीत असतानाच कन्या दारात येऊन उभी राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही त्याला गाव दाखवत नाही आहात. तुम्ही गावाला तो दाखवताय."

आम्ही पाणी गाळून तांब्यात भरले. सौ.ने कन्येची बाजू घेतली नाही आणि आमचीही नाही. तिचे म्हणणे, कचोरी आम्ही सगळ्यांनी खाल्ली, दोष त्या हॉटेलातल्या कोशिंबिरीचा. कन्येचे म्हणणे, तुमची पोटे वेगळी, त्याचे वेगळे. यातले खरे काय, याचा निकाल शास्त्र देत नाही, हीच मोठी अडचण आहे. काही विषाणू बारा तासांत त्रास देतात, काही दोन दिवसांनी. काही जिवाणूंस तीन दिवस लागतात. म्हणजे आरोपींच्या पिंजऱ्यात पोहे, गराडू, वडा, कचोरी, रबडी, हॉटेलची कोशिंबीर, बर्फ, इतकेच काय, विमानातले जेवणही उभे होते. डॉक्टर आले, त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, आमच्या तांब्याकडे पाहून पसंतीची मान हलविली आणि कोणत्या पदार्थाने हे झाले या प्रश्नाला, 'उसका जवाब भगवान महाकाल के पास है' असे म्हणून ते निघून गेले. घरात तो दिवस कोणी कोणाशी फारसे बोलले नाही. दोन्ही मायलेकी मऊ भाताच्या कुकरवरून एकमेकींना शिटीचे आकडे तेवढे सांगत होत्या.

दुपारी कन्या जरा आडवी झाली असता आम्ही जावयांजवळ बसलो होतो. काही तरी बोलावे म्हणून म्हटले, की आपणांस आमच्या गावाने बरेच सतावले. ते बराच वेळ छताकडे पाहत होते. मग त्यांनी हेरिंगच्या गाड्याची आठवण काढली.

२०२३ च्या जून महिन्यात आम्ही उभयता उत्रेख्तला गेलो होतो. जूनच्या मध्यास तिकडे नवी हेरिंग मासळी येते आणि सारा देश रस्त्यावर येऊन ती खातो. मासा शिजविलेला नसतो. मिठात मुरविलेला असतो. शेपटीला धरून, बारीक चिरलेल्या कांद्यात घोळवून, मान मागे टाकून तोंडात सोडायचा. जावयांनी आम्हांस मोठ्या कौतुकाने त्या गाड्यापाशी नेले होते. आम्ही पिढीजात शाकाहारी. हे त्यांस ठाऊक होते. खावे असा आग्रह त्यांनी केला नाही, फक्त पाहावे अशी त्यांची इच्छा होती. आम्ही हात मागे बांधून तेथे उभे राहिलो. त्यांनी स्वतः दोन मासे खाल्ले, विक्रेत्याशी गप्पा मारल्या, आणि आमच्या प्रश्नावरून हेही सांगितले की, तिकडच्या कायद्याने १९६८ सालापासून हा मासा किमान चोवीस तास उणे वीस अंशांत गोठविल्यावाचून विकता येत नाही. त्यातील सूक्ष्म कृमी त्याने मरतात. म्हणजे ज्या वर्षी आम्ही सदऱ्यावरचा कचोरीचा डाग लपवीत होतो त्याच वर्षी डच सरकार हेरिंगच्या पोटातील कृमींचा बंदोबस्त करीत होते. आम्हांला थंडी, त्यांना वाफ, इतकाच काय तो फरक, असे तेव्हा मनात आले होते.

"तुम्ही वीस मिनिटे उभे होता," जावई अंथरुणातून म्हणाले. "वास तुम्हांला सहन होत नव्हता, ते दिसत होते. पण तुम्ही तोंड फिरवले नाही. माझ्या आईच्याही ते लक्षात आले होते."

एवढे बोलून त्यांना झोप लागली. या संभाषणाचा वृत्तान्त आम्ही कन्येस सांगितला नाही. तो त्यांनी सांगावयाचा होता.

चौथ्या दिवशी त्यांना हुशारी वाटू लागली. दहीभात झाला. संध्याकाळी, तडजोड म्हणून, कन्येने 'प्रसादम्'ला जाण्याचे सुचविले. महाकाल लोकातील नीलकंठ वनात ही खाऊगल्ली आहे; तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री मनसुख मांडविया यांनी जानेवारी २०२४ मध्ये तिचे उद्घाटन केले. देशभर अशा शंभर स्वच्छ खाऊगल्ल्या कराव्यात, प्रत्येकीस एक कोटी रुपये द्यावेत, अशी ती योजना. तिच्यातील देशातली पहिली गल्ली आमच्या गावी झाली. हात धुवावयाची सोय, फरशी, झाकणाच्या कचरापेट्या, सारे जागच्या जागी होते. आमच्यातील जुना पाणीवाला सुखावला. असे नळ १९९२ आणि २००४ च्या सिंहस्थांत रस्त्याच्या गाड्यांना मिळाले असते तर आमचे निम्मे काम हलके झाले असते. गाडीवाल्याला आपण घाणेरडा म्हणतो तेव्हा त्याच्यापासून नळ किती अंतरावर आहे ते मोजीत नाही. आता २०२८ च्या सिंहस्थाची तयारी चालू आहे, रस्ते रुंद होत आहेत. त्या रुंद रस्त्यांच्या कडेला गाड्यांसाठी नळाची एक तोटी कोणी आराखड्यात काढली तर आमचे निवृत्तिवेतन सार्थकी लागले असे आम्ही समजू. जावयांनी तेथे वाफाळती खिचडी खाल्ली, ती त्यांना सोसली. 'छान आहे,' ते म्हणाले, 'आमच्याकडच्यासारखे आहे.' यात स्तुती किती होती हे आम्ही विचारले नाही.

पाचव्या दिवशी रात्री इंदूरहून त्यांचे विमान होते. सकाळी साडेसातच्या सुमारास सौ. चहा घेऊन गेली तर खोलीत जावई नाहीत. कन्या गाढ झोपलेली. आम्ही चपला सरकावून तसेच बाहेर पडलो, आणि कोठे जावयाचे याचा विचार करावा लागला नाही. पोह्यांच्या दुकानाशी चार-दोन नेहमीची गिऱ्हाइके होती. दूधवाला, शाळेचा शिपाई, एक रिक्षावाले. त्यांच्यात भिंतीला टेकून जावई उभे. कोणाचे त्यांच्याकडे लक्ष नव्हते. रिक्षावाले वर्तमानपत्राचे मागचे पान वाचीत होते आणि पुढचे पान जावयांच्या बाजूला होते, त्यावरील चित्रे ते पाहत होते. त्यांच्या द्रोणात कच्चा कांदा होता. आमच्या नजरेला नजर देऊन त्यांनी तो चमच्याने शांतपणे तोंडात टाकला. दुकानदाराने बरणी उचलून भुवया उंचावल्या, आणि त्यांनी बोटांनी 'थोडे आणखी' अशी खूण केली. जीरावन पडले.

आमचाही द्रोण आला. पैसे देण्याची वेळ आली तेव्हा आमचे पाकीट घरी राहिले असल्याचे लक्षात आले. जावयांनी खिशातून चुरगळलेल्या नोटा काढल्या, दोघांचे पोहे आणि जिलेबी यांचा हिशेब बोटांवर केला, आणि दहा रुपये कमी पडले. ते गोंधळून आमच्याकडे पाहू लागले. दुकानदाराने परात हलवीत मान वरही न करता सांगितले, "कल दे देना."

या तीन शब्दांचा अर्थ आम्ही त्यांना घरी येता येता सांगितला. उद्या तर आपण उत्रेख्तमध्ये असू, असे ते म्हणाले, आणि परत फिरून पैसे देऊन येण्याची घाई करू लागले. असू द्या, म्हटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दहा रुपये आम्ही नेऊन दिले. दुकानदाराने ते डब्यात टाकले, आमच्या मागे रस्त्यावर एकवार पाहिले, आणि विचारले, "भिया नहीं आए आज?"